कॅमेरा म्हणजे खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इटालियन आणि फ्रेंचमधून मराठीत भाषांतरं करते आणि या भाषा नव्याने शिकणाऱ्यांना शिकवतेही. इतक्या वर्षांत 'कॅमेरा' या शब्दाबद्दल जितके प्रश्न आले, तितके दुसऱ्या कुठल्याच शब्दाबद्दल आले नाहीत. विद्यार्थी विचारतात, इटलीला निघालेली मंडळी विचारतात, आणि कोर्टाच्या बातम्या वाचून काळजीत पडलेले लोकही विचारतात. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फक्त 'इन कॅमेरा'चा अर्थ हवा असेल तर सरळ प्रश्न १० वाचा.

१. 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

छत. तेही सपाट नव्हे, कमानदार. ग्रीकमध्ये 'कामारा' म्हणजे कमानीसारखं वळवलेलं छप्पर किंवा असं छप्पर असलेली कुठलीही वस्तू. लॅटिनने तो शब्द घेतला आणि 'कामेरा' केला. रोमन इतिहासकार टॅसिटसने काळ्या समुद्राकाठच्या लोकांच्या होड्यांचं वर्णन केलंय. समुद्र खवळला की हे लोक होडीच्या कडांवर फळ्या चढवत जायचे आणि शेवटी वरून छप्परासारखी बंद करून टाकायचे. त्या होड्यांचं नाव तो 'कामारा' असंच देतो.

पुढे लॅटिनमध्ये छताचं नाव छताखालच्या जागेला मिळालं आणि 'कामेरा' म्हणजे खोली झाली. आपण 'चार भिंती' म्हणतो तेव्हा घरच म्हणत असतो, तसंच हे. मध्ययुगात अर्थ आणखी सरकला. राजाची खासगी खोली, मग त्या खोलीत ठेवलेला खजिना, मग तो खजिना सांभाळणारं खातं, आणि अखेर त्या खोलीत बसून निर्णय घेणारी मंडळी, या सगळ्यांना हाच शब्द लागू लागला. पुढच्या उत्तरांतले जवळजवळ सगळे अर्थ या साखळीतल्या कुठल्या ना कुठल्या कडीला अडकवता येतात.

२. मग फोटो काढायच्या यंत्राला खोलीचं नाव का?

कारण पहिला कॅमेरा खरोखरच खोली होता.

लहानपणी पत्र्याच्या घरात दुपारी झोपवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पत्र्याला खिळ्याचं भोक असतं. त्यातून उन्हाचा कवडसा शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल असतो, कारण तो भोकाचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण होतं, तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी कॅमेऱ्याचं तत्त्व उघड्या डोळ्यांनी पाहिलं. खोली पूर्ण काळोखी केली, भोक बारीक ठेवलं आणि समोर पांढरी भिंत असली, तर बाहेरचा अख्खा रस्ता भिंतीवर उलटा उमटतो.

अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने या प्रकाराचा बारकाईने अभ्यास केला होता. १६०४ साली योहानेस केप्लरने आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात त्यासाठी 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे 'काळोखी खोली', हे नाव वापरलं. चित्रकारांना त्याचा उपयोग कळला तशी खोली आकसत गेली. तिचा तंबू झाला, तंबूची पेटी झाली, पेटीला भिंग बसलं. एकोणिसाव्या शतकात त्या पेटीत रसायन लावलेला पत्रा ठेवला गेला आणि १८३९ मध्ये दागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रणाची पद्धत जगजाहीर झाली. यंत्र तेच राहिलं, नाव मात्र अर्धं गळलं. काळोख गेला आणि नुसती खोली उरली. 'मोबाइल फोन'मधला फोन गळून आपल्याकडे नुसता 'मोबाइल' उरला, तिथे विशेषण टिकलं. कॅमेऱ्यात नाम टिकलं.

या नावाने पुढे एक विलक्षण वळण घेतलं. १८०६ मध्ये विल्यम हाइड वोलास्टनने चित्रकारांसाठी लोलकाचं एक छोटं उपकरण काढलं आणि त्याला 'कॅमेरा ल्युसिडा', उजेडाची खोली, असं नाव दिलं. त्यात खोलीही नाही आणि पेटीही नाही. तोवर शब्द यंत्राला इतका चिकटला होता की खोलीची गरजच उरली नव्हती.

३. इटलीत दुकानात 'कामेरा' मागितला तर काय होईल?

दुकानदार तुम्हाला हॉटेलचा रस्ता दाखवेल. इटालियनमध्ये 'कामेरा' म्हणजे खोली, त्यातही झोपायची किंवा हॉटेलातली. 'कामेरा दा लेत्तो' ही झोपायची खोली, 'कामेरा सिंगोला' ही एकट्यासाठीची. फोटोच्या यंत्राला 'माक्किना फोतोग्राफिका' किंवा 'फोतोकामेरा' म्हणतात. चौकाचौकांत लावलेला सीसीटीव्ही 'तेलेकामेरा' असतो.

मग कुठल्याही खोलीला 'कामेरा' म्हणायचं का? नाही. सर्वसाधारण खोलीला 'स्तान्झा' असा शब्द आहे. हाच शब्द इंग्रजीत कवितेच्या कडव्याला आला. कविता म्हणजे घर आणि कडवं म्हणजे त्यातली एक खोली, ही कल्पना मला फार आवडते.

इटालियनमध्ये 'कामेरा'चे जोडशब्द पुष्कळ आहेत, पण दोन माहीत असले की बातम्या वाचताना अडत नाही. 'कामेरा आर्देंते', शब्दशः 'जळती खोली', म्हणजे एखाद्या मोठ्या व्यक्तीचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवतात ती जागा. जळतात त्या भोवतीच्या मेणबत्त्या. बातमीत हे शब्द आले की कुणीतरी गेलं असं समजा, आग लागली असं नव्हे. दुसरा 'मूझिका दा कामेरा'. इंग्रजीतून आपण त्याला 'चेंबर म्युझिक' म्हणतो. मोजके वादक, मोठ्या सभागृहाऐवजी घरातलं दालन आणि समोर मोजके श्रोते. आपल्याकडची घरगुती बैठक डोळ्यांसमोर आणली की अर्थ नेमका पोचतो. संसदेचा अर्थ प्रश्न १२ मध्ये आहे.

४. फ्रेंच 'शांब्र' आणि 'कॅमेरा' हा एकच शब्द आहे हे पटत नाही. 'क'चा 'श' आणि मध्येच 'ब' कुठून आला?

पटवून देते, कारण पुरावा आपल्याच तोंडात आहे.

आधी 'श'. लॅटिनमधला 'का' फ्रेंचमध्ये येताना नियमाने बदलला. 'कांतारे' (गाणं) चं 'शांते' झालं, 'काबाल्लुस' (घोडा) चं 'शव्हाल', 'कानिस' (कुत्रा) चं 'शिएं'. एखाद-दुसऱ्या शब्दात हे झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं, पण इथे ओळच लागते. त्याच ओळीत 'कामेरा' बसतो.

आता 'ब'. 'कामेरा'मधला 'मे' वरचा स्वर बोलता बोलता गळला आणि 'काम्रा' उरलं. हा शब्द भरभर पाच-सात वेळा म्हणून पाहा. 'म'साठी ओठ मिटलेले असतात आणि 'र'साठी जीभ हलवायची असते. ओठ उघडण्याआधी नाकाची वाट क्षणभर लवकर बंद झाली की मध्ये आपोआप 'ब' फुटतो: 'काम्ब्रा'. फ्रेंचांनी हेच केलं. 'नुमेरुस'चं (संख्या) त्यांनी 'नोंब्र' केलं तेही असंच.

आणि आपण? संस्कृत 'आम्र', मराठी 'आंबा'. संस्कृत 'ताम्र', मराठी 'तांबं'. 'म' आणि 'र'च्या मध्ये तोच 'ब' घुसला आणि नंतर आपल्याकडे 'र' निघून गेला. पॅरिसमधली झोपायची खोली आणि रत्नागिरीतला आंबा यांच्या पोटातला 'ब' एकाच कारणाने आलाय. वर्गात हे सांगितलं की पुन्हा कुणी 'शांब्र' विसरत नाही.

५. पण फ्रेंचमध्ये 'कामेरा' असाही शब्द मी वाचलाय. तो कुठला?

तो वेगळ्या दाराने आला. 'शांब्र' लोकांच्या तोंडी झिजत घडलेला, तर 'कामेरा' पुढे लॅटिन रूपातच यंत्रासाठी घेतलेला. आपल्या शाळेतली तत्सम आणि तद्भव ही विभागणी इथे चपखल लागू पडते. 'क्षेत्र' आणि 'शेत', 'कर्म' आणि 'काम' जसे एकाच घरातले दोन, तसे 'कामेरा' आणि 'शांब्र'.

वापरात एक काळजी घ्या. फ्रेंचमध्ये 'कामेरा' फक्त हलती चित्रं टिपणारा. स्थिर फोटो काढणारं यंत्र म्हणजे 'आपारेय फोतो'. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन हा चित्रपटाचा कॅमेरा फ्रेंचमध्ये 'कामेरा' ठरेल, पण लग्नात फोटो काढणाऱ्याच्या गळ्यातलं यंत्र नाही. फ्रेंच माणसाला 'कामेरा आणलाय का' विचारलंत तर तो चित्रीकरणाच्या तयारीने येईल.

६. स्पॅनिशमध्ये 'कामारा' म्हणजे खोली की कॅमेरा?

आजच्या बोलण्यात कॅमेराच. राहायच्या खोलीला 'आबितासिओन' किंवा 'क्वार्तो' म्हणतात. खोलीचा अर्थ 'कामारा'त उरला तो औपचारिक आणि तांत्रिक जागी: संसदेचं सभागृह, शीतगृह, सायकलच्या चाकातली ट्यूब. ट्यूब म्हणजे त्यांच्या लेखी 'हवेची खोली'. फ्रेंच आणि इटालियन लोकही ट्यूबला हेच म्हणतात, त्यामुळे तिकडे पंक्चर झालं तर 'कामेरा' हा शब्द ऐकून गोंधळू नका.

इथे भाषांतरात एक चूक वारंवार होते. चित्रकार गोया १७९९ मध्ये स्पेनच्या राजाचा 'प्रिमेर पिंतोर दे कामारा' झाला. याचं 'कॅमेरा वापरणारा पहिला चित्रकार' असं भाषांतर मी विद्यार्थ्याच्या वहीत पाहिलंय. अर्थ आहे 'राजदालनाचा प्रमुख चित्रकार', म्हणजे दरबारी चित्रकार. गोया १८२८ मध्ये वारला, दागेरच्या छायाचित्राआधी अकरा वर्षं.

मेक्सिकोत मात्र 'रेकामारा' म्हणजे सरळ झोपायची खोली. स्पेनमध्ये त्याच शब्दाने बंदुकीत काडतूस बसतं ती जागा समजतात. मेक्सिकन मित्राने 'माझी रेकामारा दाखवतो' म्हटलं तर निर्धास्त जा.

७. हिंदीतला 'कमरा' आणि 'कॅमेरा' यांचा काही संबंध आहे का? की नुसता उच्चार जुळतो?

संबंध आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावरून जातो. 'कमरा' हा पोर्तुगीज 'कामरा'वरून आलेला शब्द मानला जातो. चावी, बादली, फीत, पगार, पाव, घमेलं, बटाटा हे शब्द ज्या वाटेने आले तीच ही वाट. मराठीने यातले बहुतेक शब्द घेतले पण 'कमरा' फारसा घेतला नाही, कारण 'खोली' आपल्याकडे घट्ट रुजलेली होती. म्हणजे हिंदी माणूस 'कमरे में कैमरा है' म्हणतो तेव्हा तो एकच लॅटिन शब्द दोनदा उच्चारतो. एकदा लिस्बनहून आलेला आणि एकदा लंडनहून.

पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा दुसरा मोठा अर्थ आहे नगरपालिका. 'कामरा म्युनिसिपाल' ही पाटी पोर्तुगालच्या प्रत्येक शहरात दिसते. पोर्तुगीज काळात गोव्यातही नगरपालिकेचं नाव तेच होतं आणि गोवा शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला 'सेनादु द कामरा' म्हणत. त्यामुळे जुनी गोव्याची कागदपत्रं वाचताना 'कामरा' दिसला की खोली शोधू नका, पालिका शोधा.

ब्राझीलने एक सोय करून घेतली. तिथे 'कामरा' म्हणजे सभागृह आणि 'कामेरा' म्हणजे यंत्र. एका स्वराच्या फरकाने दोन अर्थ वेगळे ठेवले. पोर्तुगालमध्ये दोन्हीला 'कामरा' चालतं. आणखी एक फरक ध्यानात असू द्या: 'कामरा म्युनिसिपाल' पोर्तुगालमध्ये पालिकेचा कारभार चालवते, तर ब्राझीलमध्ये ते नगरसेवकांचं सभागृह आहे. कारभार तिथे महापौरांकडे असतो.

८. रुमानियन आणि कॅटलानमध्ये काय?

रुमानियनमध्ये 'कामेर' म्हणजे खोली. शेवटचा 'र' आपल्या 'मात्र'मधल्यासारखा पूर्ण उच्चारायचा. घरातली कुठलीही खोली चालते, आणि यंत्राच्या काही जोडशब्दांतही तोच येतो. कॅटलानमध्ये प्रश्न ५ मधली तत्सम-तद्भव जोडी अगदी स्वच्छ दिसते: 'काम्ब्रा' खोली किंवा सभागृह, 'कामेरा' यंत्र.

९. इंग्रजीतला 'चेंबर' आणि 'कॅमेरा' एकच का? आणि मग आपलं गटाराचं चेंबर?

एकच. 'चेंबर' जुन्या फ्रेंचमधून सुमारे १२०० च्या आसपास इंग्रजीत आला. तो 'श'ऐवजी 'च' घेऊन आला, कारण तेव्हा फ्रेंच लोकही 'च'च म्हणत, 'श' नंतर झाला. इंग्रजीने जुना उच्चार जपून ठेवला. 'कॅमेरा' बराच उशिरा सरळ लॅटिनमधून आला. जर्मनमध्ये 'कामर' आणि 'कामेरा' अशीच जोडी आहे.

इंग्रजीत 'कॅमेरा'चा जुना इमारतीचा अर्थ अजून एका जागी उभा आहे. ऑक्सफर्डमधली रॅडक्लिफ कॅमेरा ही जेम्स गिब्जने आराखडा केलेली, १७४९ मध्ये उघडलेली गोल घुमटाची इमारत आहे. ते ग्रंथालय आहे. तिथे कॅमेऱ्यांचं संग्रहालय नाही.

आता आपलं चेंबर. मराठीत हा शब्द तीन घरी नांदतो. वकिलाचं किंवा न्यायाधीशांचं चेंबर, म्हणजे दालन. व्यापाऱ्यांचं चेंबर, जसं पुण्यात १९३४ साली सुरू झालेलं मराठा चेंबर. इथे खोलीपासून खोलीत बसणाऱ्या मंडळीपर्यंतचा प्रवास आहे (प्रश्न १). आणि तिसरं, रस्त्यातलं. पावसाळ्यात 'चेंबरचं झाकण उघडं आहे, जपून' असं कुणी ओरडतं ते. मला विचाराल तर लॅटिन अर्थाच्या सर्वांत जवळ हेच आहे. आमच्या गल्लीत जुनं चेंबर फोडलं तेव्हा मी वाकून पाहिलं होतं. विटांची गोल विहीर, वर येत येत आत वळत गेलेली, तोंडाशी लोखंडी झाकण. वळवलेल्या छताखालची बंद जागा. रोमन गवंड्याने तिला बिनदिक्कत 'कामेरा' म्हटलं असतं.

मुंबईच्या चेंबूरचा याच्याशी संबंध नाही. ते नाव लोक चिंबोरीशी जोडतात.

१०. 'इन कॅमेरा सुनावणी' म्हणजे कोर्टात व्हिडिओ शूटिंग होणार का?

नाही. अगदी उलट. 'इन कामेरा' हा लॅटिन शब्दप्रयोग आहे आणि त्याचा अर्थ 'खोलीत', म्हणजे बंद दाराआड. न्यायालय सर्वांसाठी खुलं असतं हा नियम. काही खटल्यांत न्यायाधीश बाहेरच्यांना बाहेर ठेवतात आणि फक्त संबंधित माणसं आत राहतात. तीच इन कॅमेरा सुनावणी. फोटोच्या यंत्राचा तिथे सुतराम संबंध नाही. 'कामेरा'चा खोली हा अर्थ यंत्रापेक्षा जुना आहे.

या प्रश्नाबद्दल मला मनापासून कळकळ वाटते, त्याचं कारण सांगते. ओळखीतल्या एका ताईंनी एकदा संध्याकाळी फोन केला. घरातल्या एका मुलीची दुसऱ्या दिवशी साक्ष होती. 'इन कॅमेरा होणार आहे, काळजी करू नका' एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्याने ते धीर देण्यासाठीच सांगितलं होतं. घरात सगळ्यांनी अर्थ घेतला की मुलगी बोलत असताना तिचं चित्रीकरण होणार. मुलगी दुपारपासून जेवली नव्हती, जाणारच नाही म्हणत होती. मी फोनवर सांगितलं, "ताई, याचा अर्थ दार बंद असणार. आत अनोळखी माणसं नसणार." पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग त्यांनी फोन मुलीकडे दिला आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

ज्या तरतुदीने माणसाला आधार मिळावा तिच्या नावानेच धडकी भरत असेल, तर नाव बदललं पाहिजे. 'बंद दालनात सुनावणी' हे शब्द मराठीत आहेत, सोपे आहेत, बातमीच्या मथळ्यात मावतात. इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनी १९९९ पासूनच्या नियमांत लॅटिन सोडून 'खासगीत' या अर्थाचे साधे इंग्रजी शब्द घेतले. आपल्याला कशाची अडचण आहे?

कायद्यात हे कुठे येतं तेही सांगते, कारण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २२ नुसार त्या कायद्याखालची कामकाजं बंद दालनात होतात. बलात्काराच्या खटल्यांसाठी ही तरतूद १९८३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये आली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम ३७ आहे. त्यात मुलाचे आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस सोबत असण्याचीही तरतूद आहे.

एक गल्लत मात्र टाळा. काही जबाबांचं ध्वनिचित्रमुद्रण कायद्यानुसार होतं, पण ते वेगळ्या तरतुदींनी होतं. 'इन कॅमेरा' या शब्दांवरून ते होणार की नाही हे ठरत नाही. आपल्या प्रकरणात काय होणार हे वकिलांना स्पष्ट विचारा.

११. पण 'इन कॅमेरा शवविच्छेदन' अशी बातमी असते तेव्हा तर चित्रीकरणच होतं ना?

हो, आणि म्हणूनच गोंधळ पक्का झालाय. संशयास्पद मृत्यूनंतर नातेवाईक 'इन कॅमेरा पोस्टमॉर्टेम करा' अशी मागणी करतात तेव्हा त्यांना कॅमेऱ्यासमोर, चित्रीकरणासह, असंच म्हणायचं असतं, आणि प्रशासनही तसंच समजतं. कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्ये राज्यांना केली होती. मागणीमागे मोठं आणि रास्त कारण आहे.

म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांत एकच शब्दप्रयोग एका पानावर 'कुणालाही दिसू नये म्हणून' आणि दुसऱ्या पानावर 'सगळ्यांना दिसावं म्हणून' या अर्थाने येतो. शवविच्छेदनाच्या बाबतीतला अर्थ लॅटिनच्या दृष्टीने चुकीचा आहे. पण तो रूढ झालाय आणि लोकांना कळतो, तेव्हा बोलण्यात तो पुसून टाकता येईल असं मला वाटत नाही. लिहिणाऱ्यांनी तरी 'चित्रीकरणासह शवविच्छेदन' लिहावं. अर्जातही तसंच लिहा. उद्या कुणी शब्दावर बोट ठेवून बंद दाराआड उरकलं, तर हाती काही लागणार नाही.

१२. संसदेच्या सभागृहाला 'कॅमेरा' का म्हणतात?

प्रश्न १ मधल्या साखळीची शेवटची कडी: खोली, मग खोलीत बसणारी मंडळी. इटलीच्या संसदेचं एक सभागृह 'कामेरा देइ देपुताती', आणि बातम्यांत नुसतं 'ला कामेरा'. २०२० च्या सार्वमतानंतर तिथल्या सदस्यांची संख्या ६३० वरून ४०० वर आली. रुमानियातही 'कामेरा'च आहे. इंग्रजीत 'बायकॅमेरल' म्हणजे दोन खोल्यांचं.

मराठीने इथे सुंदर शब्द केला: द्विगृही. महाराष्ट्राचं विधिमंडळ द्विगृही आहे, विधानसभा आणि विधान परिषद. खोलीच्या जागी आपण घर घेतलं, कल्पना तीच.

१३. 'कॉम्रेड' हा शब्दही यातलाच आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. स्पॅनिशमध्ये 'कामारादा' म्हणजे आधी एका खोलीत राहणारे सैनिक, मग त्यातला एक, खोलीतला सोबती. तिथून फ्रेंच 'कामाराद' आणि इंग्रजी 'कॉम्रेड'. गिरणगावात, कामगार सभांत, लाल बावट्याखाली हा शब्द इतका मराठी झाला की 'कॉम्रेड डांगे' म्हणताना कुणाला परका वाटत नाही. गिरणगावच्या चाळीत एकेका खोलीत गाळेकरी दाटीवाटीने राहत. त्या माणसांना या शब्दाचा मूळ अर्थ कुणी समजावून द्यायची गरज पडली नसती.

इटालियनमध्ये मात्र जपून. तिथे 'कामेराता' हा शब्द फॅसिस्टांनी एकमेकांना हाक मारण्यासाठी घेतला. डाव्यांनी त्याला हात लावला नाही. ते 'कोंपान्यो' म्हणतात, म्हणजे एकत्र भाकरी मोडणारा. त्यातला 'पान' म्हणजे लॅटिन 'पानिस', ज्याच्यापासून पोर्तुगीजमार्गे आपला पाव आला. इटालियन कम्युनिस्टाचं भाषांतर करताना 'कॉम्रेड'साठी 'कामेराता' लिहिलंत तर अर्थ पार उलटा होतो.

१४. वेटरचा, पोपच्या अधिकाऱ्याचा आणि इंग्रज पंतप्रधानाचा या शब्दाशी काय संबंध?

तिघेही खोली सांभाळणारे. इटालियन 'कामेरिएरे' आणि स्पेनमधला 'कामारेरो' म्हणजे वेटर. आधी तो धन्याच्या खोलीतला नोकर होता. लॅटिन अमेरिकेत 'कामारेरो'ऐवजी 'मेसेरो' किंवा 'मोसो' जास्त चालतं.

लॅटिन शब्द जर्मन टोळ्यांनी फार लवकर उचलला आणि त्याला स्वतःचा प्रत्यय लावून दालनाच्या कारभाऱ्यासाठी शब्द केला. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'चेंबरलेन' झाला, पुढे आडनाव झाला; पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांचं आडनाव ते हेच. इटलीत तोच 'कामेरलेंगो' झाला. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची घोषणा करणारे कार्डिनल केविन फॅरेल हे त्या पदावर होते. पोपच्या निधनानंतर नवे पोप येईपर्यंत मालमत्तेची आणि रोजच्या कारभाराची जबाबदारी या अधिकाऱ्यावर असते. खोली, खजिना, खातं हा जुना क्रम इथे जसाच्या तसा जिवंत आहे.

१५. कोणते शब्द या घरातले वाटतात पण नाहीत?

कॅमेरून हा देश. पोर्तुगीज खलाशांनी तिथल्या नदीला 'रिओ दुश कामारोंइश', कोळंबीची नदी, असं नाव दिलं. कोळंबीचा तो शब्द वेगळ्या लॅटिन मुळाचा आहे. कमान हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. ग्रीक 'कामारा'चा अर्थही वळणदार छत असल्यामुळे मोह होतो, पण आपली कमान ग्रीकमधून आलेली नाही. आवाज जुळला म्हणून नातं लावायचं नसतं. प्रश्न ४ मधल्यासारखी बदलांची ओळ दाखवता आली पाहिजे.

१६. मराठीत 'कॅमेरा' पुल्लिंगी का? आणि 'कॅमेऱ्यात' लिहिलं तर 'इन कॅमेरा'चं भाषांतर होतं का?

लॅटिनमध्ये आणि तिच्या सगळ्या लेकींमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे: इटालियन 'ला कामेरा', स्पॅनिश 'ला कामारा', फ्रेंच 'ला शांब्र'. इंग्रजीत लिंगच नाही, आणि आपण तो इंग्रजीतून घेतला. शेवटी 'आ' ऐकू आला म्हणून मराठीने त्याला घोडा, आंबा, वाडा यांच्या रांगेत बसवलं. म्हणून तो कॅमेरा, ते कॅमेरे, कॅमेऱ्याने. 'कॅमेराने' लिहिलेलं सर्रास दिसतं, पण 'घोडाने' आपण म्हणत नाही.

'कॅमेऱ्यात' हे शब्दाला शब्द अगदी बरोबर भाषांतर आहे, आणि अर्थ साफ चुकीचा. 'साक्ष कॅमेऱ्यात झाली' वाचून कुणालाही यंत्रच आठवेल. तिथे 'बंद दालनात' लिहा.